कॅमेऱ्याच्या चार रबरांसाठी उंद्री ते लोणार

शुक्रवारी दुपारी गुरुजींच्या दारातल्या मांडवात माझं ड्रोन लिंबाच्या फांदीला धडकलं आणि जिलेबीच्या परातीशेजारी पडलं, त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. त्याआधी मी उंद्रीतला ड्रोनवाला सौरभ होतो. त्यानंतर पुन्हा कॉलेज सोडलेला सौरभ झालो.

लोक प्रवासाला निघतात ते बरेच दिवस मनात असतं म्हणून. माझ्या मनात असलं काही नव्हतं. मी रागाने निघालो, आणि हे लिहितानाही राग पुरता उतरलेला नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त शिक्षक. त्यांच्या मुलाचं, अक्षयचं साक्षगंध होतं. पुण्याकडे ज्याला साखरपुडा म्हणतात ते. आणि अक्षयची बहीण रेणुका. ती बुलढाण्याला एम.ए. करते, दर शनिवारी बसने घरी येते, आणि दर शनिवारी मला बसस्टँडवर काही ना काही काम निघतं. आमचं ठरलं होतं. साक्षगंधाचं शूटिंग नीट झालं, लग्नाचंही काम मला मिळालं, की ती घरात माझं नाव काढणार. म्हणजे माझ्यासाठी ते नुसतं काम नव्हतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

आता ते पडलं कसं, तेही सांगतो. आमच्याकडे नवं यंत्र कामाला लावायचं तर त्याला कुंकू लागतं. ट्रॅक्टर असो, पिठाची गिरणी असो. काकूंनी, म्हणजे रेणुकाच्या आईने, नवरदेवाला ओवाळलं आणि त्याच ताटातला लाल नाडा माझ्या ड्रोनच्या हाताला बांधला. नाड्याचं एक टोक चार बोटं लोंबत होतं. मला दिसलं. दुसरं कोणी असतं तर मी तिथल्या तिथे कापलं असतं. पण ताट धरून रेणुका उभी होती, आणि तिच्या आईचा नाडा मी कापू? उडवलं. दहा फुटांवर टोक ड्रोनच्याच पंख्यात गुंतलं, ड्रोन तिरकं झालं आणि सरळ फांदीत गेलं.

गुरुजी उठले, परात बाजूला सारली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "सौरभ, शिक्षण असो की यंत्र, अर्धवट ज्ञान असंच पडतं."

सगळा मांडव हसला. नाडा सगळ्यांनी पाहिला होता. काकूंनी पाहिला होता, रेणुकाने पाहिला होता. एकाचंही तोंड उघडलं नाही. मी काकूंचं नाव घेतलं असतं तर अपशकुनाचं खापर त्यांच्यावर फुटलं असतं, म्हणून मीही गप्प बसलो. गुरुजींनी वर मुदत दिली, "रविवारी संध्याकाळपर्यंत उडवून दाखव. नाहीतर लग्नाला मी बुलढाण्याचा माणूस सांगतो."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ड्रोनच्या पोटाला कॅमेरा थेट चिकटवलेला नसतो. तो एका छोट्या पत्र्याला लटकतो, आणि तो पत्रा चार मऊ रबरी बोंडांवर तोललेला असतो. मोटारींची थरथर त्या रबरांतच जिरते. पंखा तुटला होता तो माझ्याकडे जादा होता. पण दोन बोंडं फाटली होती, पत्रा वाकला होता, आणि कॅमेरा मान मोडलेल्या कोंबडीसारखा लोंबत होता.

शनिवारी सकाळच्या बसने चिखलीला आलो. चिखलीच्या स्टँडबाहेर आलुबोंडा खा, वर तर्री मागून घ्या, वीस-पंचवीस रुपयांत दुपारपर्यंत भूक लागत नाही. मी रागात दोन खाल्ले. तिथून बुलढाण्याला तास धरून चला. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना तूर उभी आणि मधूनमधून हरभरा. बुलढाण्याला रेल्वे नाही, तेव्हा जे काही ते एसटीच. थंडीत गेलात तर स्वेटर हाताशी ठेवा, पठारावर वारा झोंबतो.

बुलढाण्यात ज्या दुकानात गेलो त्याचं नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला. काचेचं दार, आत गारवा. काउंटरवरच्या माणसाने ड्रोन हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"पूर्ण युनिट बदलावं लागेल. पुण्याहून येईल. पंधरा-वीस दिवस."

"कॅमेरा चांगला आहे. फक्त रबरं द्या."

"रबर सुटं येत नाही."

"उघडून तर पाहा."

"उघडायची गरज नाही, दिसतंय ना." आणि मग तपासणीचे म्हणून दोनशे रुपये मागितले. न उघडता तपासणी. मी आवाज चढवला, तोही चढवला. शेवटी शंभरावर सुटका झाली. ते शंभर मला अजून टोचतात.

बाहेर पायरीवर मेहकरचा एक लग्नाचे फोटो काढणारा बसला होता. आतलं सगळं त्याने ऐकलं होतं. "कायले भांडून राह्यला बे," तो म्हणाला. "लोणारले जा. स्टँडच्या मागं सुमनताई हाये, घड्याळवाली. माह्या कॅमेऱ्याचं पोट तिनंच शिवलं."

मेहकरमार्गे लोणारला पोचायला साडेतीन वाजले. मेहकरपर्यंत उभाच होतो, ड्रोनची बॅग छातीशी. पुढे जागा मिळाली. शेजारच्या आजी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बॅगकडे बघून म्हणाल्या, "लेकरू हाये का आत?"

"नाही आजी, कॅमेरा."

"मंग असा काऊन धरला? उतरताना रडशील." आणि अर्धी बस माझ्याकडे बघून हसली. या आठवड्यात ते माझ्या नशिबातच होतं.

सुमनताईंचं दुकान म्हणजे दीड माणूस मावेल एवढी टपरी. घड्याळदुरुस्ती वडिलांकडून आलेली, मोबाईलची स्वतः शिकलेली, असा धंदा. चाळिशीच्या असतील. डोळ्याला भिंग लावलं, ड्रोन उघडलं. बुलढाण्यात न उघडता जे कळलं होतं ते इथे उघडूनही त्यांना लगेच कळलं नाही, हे मला फार बरं वाटलं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "तू बस तिकडं. तू हात लावला की मले दोन कामं होतात."

मग चिमट्याने त्यांनी मोटारीच्या दांड्यावरून काहीतरी ओढून काढलं. लाल दोरा.

"हे काय? नाडा?"

"हो."

"यंत्राले नाडा बांधला तू?"

"मी नाही. त्यायच्या मायनं बांधला."

"कोणाच्या?"

त्यांनी भिंग वर केलं आणि माझं तोंड पाहिलं. "पोरीच्या मायनं, असं सांग ना. मंग तिथंच बोलला काऊन नाही?"

"बोललो असतो तर काकूंना वाईट वाटलं असतं."

"आन् पोरगी काय बोलली?"

"काही नाही."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा भिंग लावलं. तो "हाव", म्हणजे नुसता "हो", मला अजिबात आवडला नाही. मी म्हटलं, तिची अडचण तुम्हाला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "नसंन. मले पत्रा सरळ करायचा हाये."

पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यांनी नखाएवढ्या हातोडीने सरळ केला. रबरासाठी शेतातल्या ठिबकच्या नळीतली रबरी कडी कापून बोंडं बनवली. मी म्हटलं दोनच बदला, बाकीची दोन चांगली आहेत. तर म्हणाल्या, "खाटेचे दोन पाय नवे अन् दोन जुने, तू झोपशील का? चारी सारखे पायजेत." टपरीमागच्या मोकळ्या प्लॉटवर उडवून पाहिलं. पडलं नाही, पण चित्र दह्यासारखं थरथरत होतं. रबर कडक झालं होतं. मी वैतागून म्हटलं, म्हणजे बुलढाण्याचा माणूस बरोबरच होता. त्यांनी फक्त शटर ओढलं. "उद्या आठले ये. रागानं रबर नरम होत नाही."

स्टँडजवळच्या लॉजमध्ये चारशेत खोली मिळाली. गरम पाणी बादलीने, पण मिळतं. खाली खानावळीत वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा, शंभरात पोटभर. रेणुकाचा मेसेज आला, "झालं का?" दोन शब्द. मी तिला चाळीस ओळी लिहिल्या. तिने अंगठा पाठवला.

रविवारी उजाडता सरोवर पाहायला गेलो. धारेपाशी उभं राहून खाली बघा. एवढी मोठी वाटी, तळाशी हिरवट पाणी, काठाने झाडी आणि मोरांचे आवाज. उतरायचं असेल तर बूट घाला आणि पाणी सोबत न्या, चढताना दम लागतो. पाण्याजवळ उग्र वास येतो, त्याला घाबरू नका. आणि ड्रोनवाल्यांनो, तिथे उडवायचं मनातही आणू नका. अभयारण्य आहे, परवानगी लागते. मी बॅग उघडली नाही. नुसतं पाहिलं. काय काय पाहिलं ते रेणुकाला सांगायचं म्हणून मनात ठेवत होतो. सवय.

आठला टपरीवर गेलो तर ताईंनी मेडिकलमधून सलाईनच्या नळीचा रबरी तुकडा आणून ठेवला होता. तो मऊ असतो, दाबला की पुन्हा फुगतो. ब्लेडने चार सारखे तुकडे कापले, मोजपट्टी लावून. पत्रा बसवला, कॅमेरा बसवला, चालू केला. कॅमेऱ्याने मान डावीकडे केली, उजवीकडे केली आणि सरळ पाहू लागला. उडवलं. पडद्यावर पाण्याची टाकी, तारा, लोणारची घरं, सगळं जागच्या जागी. त्यांनी अडीचशे घेतले.

निघताना म्हणाल्या, "उडालं आता. पुढं तुह्यावर हाये."

परत येताना बसमध्ये हिशेब लावत बसलो, की या दोन दिवसांतलं माझ्याकडे काय राहणार. बुलढाण्याचा गारवा नाही. सरोवर थोडं राहील. एक बाई न चिडता, एकदा चुकून, दुसऱ्यांदा नीट काम करते, हे मात्र राहील. मला वाटलं, मी कॉलेजातून निघालो ते शिकायचं नव्हतं म्हणून नाही. मला असं शिकायचं होतं, ते तिथे कोणी शिकवत नव्हतं. हे गुरुजींना सांगायचं ठरवलं. रेणुकाच्या समोर.

चारला उंद्रीत उतरलो तो घरी न जाता थेट त्यांच्याकडे. अंगणातून उडवलं. लिंबाला वळसा घातला, गावाला फेरी मारली, आणि गुरुजींच्या पायापासून दोन हातांवर उतरवलं. मग आत बसून त्यांनी टीव्हीवर चित्र पाहिलं. स्वतःच्या घराचं छप्पर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. बराच वेळ बघत राहिले.

"शाब्बास," ते म्हणाले. "याला आता धंदा म्हणायला हरकत नाही. अक्षयच्या लग्नाचं काम तुझं."

मी रेणुकाकडे पाहिलं. ती चहाचे कप मांडत होती. ठरलं होतं ते हेच, काम मिळालं की ती बोलणार.

गुरुजीच पुढे बोलले. "आणि उन्हाळ्यातल्या तारखा जरा मोकळ्या ठेव. रेणुकाला अकोल्याचं स्थळ आलंय, बहुतेक जमतंय. तिचंही तूच कर. बाहेरचा माणूस कशाला? तू घरचाच आहेस."

रेणुकाने माझ्यापुढे कप ठेवला. मान वर न करता म्हणाली, "बाबा, आधी त्याला रेट विचारा. मागून बोलाचाली नको."

चहातून वाफ येत होती. मी ड्रोन बॅगेत ठेवलं, चेन लावली.

"अक्षयचं करतो," मी म्हटलं. "शब्द दिला आहे. दुसरं नाही करणार."

"का रे?" गुरुजींना खरंच कळलं नव्हतं. "का बरं?"

"तिला विचारा."

आमच्या गावात दिवसा कोणी दार लावत नाही. मी बाहेर आलो आणि ते लावून घेतलं, ती काय सांगते ते मला ऐकू येऊ नये म्हणून.