ओल्या फडक्याचं पुस्तक

माझ्या विड्या ढिल्या व्हायच्या. "हिच्या हातात जीवच न्हाय," असं म्हणून आईनं मला वळण्यातून काढलं आणि वाचायला बसवलं. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारी पत्र्याच्या छपराखाली विड्या वळायला एकत्र बसत. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी हात चालवायचे, आणि उठताना प्रत्येकीनं मूठभर विड्या वाचणारीच्या सुपात टाकायच्या, अशी सोय होती. मी नववीत होते आणि मला ही सोय भलतीच आवडली.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. देवाधर्माच्या पोथ्या वाचून संपल्यावर मी वाचनालयातून परग्रहावरच्या स्वारीची एक कादंबरी आणली. ती होती मुलांसाठीची. आकाशातून यानं उतरतात, राखेसारखी धूळ सोडतात आणि शहरंच्या शहरं खोकून मरतात. एक शाळकरी मुलगी तेवढी धाकट्या भावाला घेऊन तगून राहते. मुंबई पडली, पुणं पडलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "आन् सोलापुरात न्हाय का येत ती?"

"हितं कशाला येतील? प्यायला पानी न्हाय," आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

अक्का हसली की खोकायची. ही माझी थोरली बहीण. वडील गेल्यापासून घर तिच्या हातांवर चालायचं. तिच्यासारखी घट्ट विडी गल्लीत कुणाची नव्हती. दवाखान्यात तिला स्पष्ट सांगितलं होतं, तंबाखूपासून लांब राहा, नाहीतर जगणार नाहीस. घरी येऊन आईनं एवढंच विचारलं, "मग खायचं काय?"

पुस्तकातली मुलगी नाकातोंडावर ओलं फडकं बांधते आणि म्हणून धुळीतून वाचते. ते वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्का जुन्या लुगड्याचं ओलं फडकं बांधून वळायला बसली. बायकांनी टर उडवली, "आली बघा यानातली!" अक्कानं लक्ष दिलं नाही. आणि खरंच, तिचा खोकला उतरला. तिला रात्रीची झोप लागू लागली. मला इतका आनंद झाला की मी ती पानं पुन्हा पुन्हा वाचून दाखवली.

पण फडक्याचं पाणी सुपातल्या तंबाखूवर ठिबकायचं. कारखान्यात माल तपासणाऱ्यानं विड्या दाबून पाहिल्या आणि सगळा माल दमट म्हणून बाजूला फेकला. पुन्हा असं झालं तर कारखान्यातून मिळणारी पानं-तंबाखू बंद, असं बजावलं. अक्का फडकं घट्ट पिळून बांधू लागली, तर आमच्या उन्हात ते घटकेत वाळायचं आणि खोकला परत यायचा. शेवटी आईनंच ते सोडलं आणि दोरीवर टाकलं. अक्कानं पुढचं पान कातरायला घेतलं. मीच तेवढी आदळआपट केली.

शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी काकूंनी डोळ्याला पदर लावला. परग्रहवाले निघून जातात, मुलगी फडकं सोडते आणि पोटभर श्वास घेते. अक्कानं मान वर केली नाही.

"तिचं बरं हाय की," ती म्हणाली. "तिला विड्या वळायच्या न्हवत्या."

मला त्या लेखकाचा भयंकर राग आला. अजूनही आहे. जगायचं कसं ते सांगितलंत, पण जगताना खायचं काय, ते कोण सांगणार होतं?

थंडी संपता संपता अक्का गेली. माझी शाळा सुटली आणि तिचं सूप माझ्या मांडीवर आलं. दुपारी कुणी मला वाच म्हणेना. उन्हाळा लागला तोवर माझ्या विड्या घट्ट होऊ लागल्या होत्या. आईनं त्यातली एक उचलली, बोटांत दाबून पाहिली आणि तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागली.