विसाच्या शेजारी एक

आमच्या गावात डार्ट्सचा बोर्ड आला तो कपाशीच्या कृपेने. पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावात माझ्या एका शाळासोबत्याचं कृषी केंद्र आहे. बीटी बियाण्याची पाकिटं भरपूर विकली म्हणून कंपनीने त्याला बक्षीस पाठवलं. त्याला हवा होता भिंतीवरचा पंखा. खोक्यातून निघाली एक गोल पाटी आणि सहा बाण. आठवडाभर तो कंपनीच्या नावाने बोटं मोडत होता, मग त्याने ती दुकानातच टांगली.

पाटीवर एक ते वीस आकडे होते, पण सगळे विस्कटलेले. विसाच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला पाच. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. दुसऱ्याची चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. शाळेतला ऑइलपेंट आणून मी ते आकडे बुजवले आणि एक ते वीस ओळीने लिहून काढले.

"छापणाऱ्याले तुयासारखा मास्तर पाह्यजे होता बे," मित्र म्हणाला. मला ते कौतुक वाटलं.

खेळ अर्थातच क्रिकेट. सहा बाणांची ओव्हर. बाण ज्या आकड्यावर बसेल तेवढे रन, ते खडूने भिंतीवर मांडायचे. ओव्हर संपली की समोरच्याने एक बाण मारायचा, तो मधल्या लाल ठिपक्यात घुसला की विकेट. पाच विकेटी गेल्या की डाव खलास. बाण पाटी सोडून शेजारच्या कॅलेंडरवरच्या वांग्याला लागला तर पाच रन वजा, कारण ते वांगं मित्राच्या फार आवडीचं. मी आपला अठरावर नेम धरायचो. चुकला तरी सतरा नाहीतर एकोणीस. आमची इतकी शतकं झाली की खत घ्यायला आलेले लोक लांबूनच हात जोडायचे.

मग त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. माझ्या शेतातली बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि सडका कापूस. ओंजळभर बोंडं नेऊन मी मित्राच्या काउंटरवर ओतली. "हेच काय तुयं बियाणं?"

दुकानात आठ-दहा माणसं होती. तो शांतपणे म्हणाला, "पाकिटासंगं साध्या कपाशीची लहान पुडी होती. ते कडेनं लावली होती काय, सर?"

एरवी तो मला 'बे' म्हणायचा. तो 'सर' फार झोंबला. अळीला कडेच्या साध्या कपाशीत तिचा वाटा मिळाला की ती बीटीच्या विषाला सरावत नाही, म्हणून कंपन्या ती पुडी द्यायच्या. पण अळीसाठी पेरणी करणारा दानशूर आमच्या गावात कोणी नव्हता. मीही पुडी कुठे टाकली, आठवत नव्हतं.

"लावली होती," मी छाती काढून सांगितलं.

त्याने काउंटरखालच्या खणाकडे नेलेला हात मागे घेतला. लोक त्याच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहू लागले. त्यानंतर मी ती पायरी चढलो नाही. पिकाचं दुःख होतंच, पण शाळा सुटल्यावर जायचं कुठे हेच कळेना.

पुढच्या उन्हाळ्यात प्रशिक्षणासाठी मेहकरला गेलो. तिथे खेळाच्या सामानाच्या दुकानात तसाच बोर्ड, तेच विस्कटलेले आकडे. मी दुकानदाराला चूक दाखवली.

तो हसला. "चूक कायची, सर? विसाच्या बाजूले एक अन् पाच मुद्दाम ठेवले. नेम चुकला तं दंड पाह्यजे ना?"

परतीच्या बसमध्ये माझे कान तापले होते. आकडे बुजवणारा आणि पुडी टाकणारा शहाणा एकच होता. गावात उतरलो तो थेट मित्राच्या दुकानात गेलो. "पुडी लावली नव्हती मी. खोटं बोललो."

त्याने काउंटरखालचा खण उघडला आणि एक पुडी माझ्यापुढे ठेवली. फोडलेलीसुद्धा नव्हती. "मले मालूम होतं. बियाणं नेलं त्याच दिवशी तू इथंच टाकून गेला होता."

"मग तवाच काऊन नाही दाखवली?"

"एवढ्या लोकांत मास्तरले खोटं पाडू काय बे?"

माझे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी ब्लेड मागितलं आणि पाटीवरचा माझा पेंट खरवडायला बसलो. खालचे जुने आकडे वर यायला तासभर लागला. मग विसावर नेम धरून बाण मारला. तो एकावर बसला.

मित्राने खडू माझ्या हातात दिला. "एक. खरं लिहिजो, मास्तर."