रिकाम्या जीपची थरथर

खापर गावच्या मिस्त्रीने मला फसवलं. त्याने नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, घालून माझी जीप उंच केली, पण त्यामुळे चाकं फिरवणारा खालचा शाफ्ट तिरका झाला, तो तसाच ठेवला.

आज पेट्रोल पंपावर कुणाच्या तरी गाडीखालून जळक्या ग्रीसचा वास आला आणि तोच वास आलेला घाटातला दिवस आठवला. धडगावला माल उतरवून आम्ही घाट चढत होतो, शेजारी बायको. भरलेली जीप मुकाट आली होती. रिकामी झाल्यावर मात्र तळव्यांखाली थरथर वाढत गेली, पत्रा गुणगुणू लागला.

"हाई काय थरथरी ऱ्हायनं?" तिने विचारलं.

"नवा पाटा शेतस, बठी जातीन." बसून जातील, हे मिस्त्रीचंच वाक्य मी म्हटलं.

तेवढ्यात शाफ्ट तुटला आणि पत्र्यावर घण घातल्यासारखा आपटला. जीप मागे सरकू लागली. मागे दरी होती. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. ती उतरून चाकामागे लावायला दगड शोधत होती. मला फक्त तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, दगड चाकाला टेकेपर्यंत.

पुढे शहाद्याच्या गॅरेजात पाट्याखाली लोखंडी पाचर घालून शाफ्टचा तिरकेपणा काढला, तेव्हा थरथर गेली. वजनाने जीप दबली की थरथर लपते, हेही तिथेच कळलं. आणि खापरला चाचणीच्या दिवशी मिस्त्रीने मागे गव्हाच्या गोण्या भरल्या होत्या. बाजारात कुणाकडून न ठकणारा मी, भार टाकूनही तपासतो म्हणून त्याच्या मेहनतीवर खूश झालो होतो.

त्याला दोष ठाऊक नव्हता, तर गोण्या कशाला भरल्या? उत्तर त्यानेच द्यावं, माझ्या बायकोसमोर उभं राहून.