पाण्यावरची नावं

डभोई मागे पडून रस्ता कालव्याच्या कडेने धावू लागला की मला हमखास डुलकी लागायची. हिवाळ्यातली सकाळ, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, त्यावर रेंगाळलेलं धुकं आणि जीपची एकसुरी घरघर. मांडीवरच्या डब्यातून आईने दिलेल्या ढेबऱ्यांचा मेथीचा वास यायचा. बडोद्यातल्या कारेलीबागेतली आमची सोसायटी, क्लासला निघालेली स्कूटरवरची मुलं, सगळं कुठेतरी लांब राहून जायचं.

कॉलेज संपवून मी एका खासगी कंपनीत लागले होते. गावांमध्ये इंटरनेट पोचवायचं, असं ते काम. संगणक आणि छपरावरची डिश सरकारची, खोली आणि वीज पंचायतीची. गावातलंच कोणीतरी शिकवून तयार करायचं आणि यंत्रं चालू ठेवायची, हे आमच्या कंपनीकडे. शिकवायला मी जायची. बाबांना याचं भारी कौतुक. "तुझे पणजोबा संस्थानच्या नोकरीत याच मुलखात घोड्यावरून फिरायचे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

ज्या गावाबद्दल सांगते आहे ते खरं तर गाव नव्हे, वसाहत. नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, अशा डोंगरातल्या लोकांना तिथे आणून वसवलं होतं. सरळ रेषेत घरं, सरळ रेषेत रस्ते, सपाट काळी जमीन. त्यातली बरीच कुटुंबं महाराष्ट्राच्या बाजूच्या डोंगरांतली होती. त्यांना इथे येऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती.

तिथलं इंटरनेट केंद्र चालवायला निवडलेली मुलगी विशीतली, बारावी झालेली. आईच्या कडेवर बसून ती या वसाहतीत आली होती. डोंगरातलं तिला काहीच आठवत नव्हतं. घरात ती त्यांची बोली बोलायची आणि माझ्याशी गुजराती. शिकायला चलाख. पण शिकलेलं वापरायला माणसं तर यायला हवीत! जमिनीचे उतारे मिळतील, अर्ज भरून मिळतील, असा फलक आम्ही दाराशी लावला होता. लोक दारातून डोकावत, पंख्याखाली क्षणभर उभे राहत आणि "आवजो" म्हणून निघून जात.

रोज न चुकता येणारा माणूस एकच, तिचे वडील. ते आत यायचे नाहीत. दुपारी ओट्यावर येऊन बसायचे. एकदा मी ओट्यावर उभी राहून आईशी फोनवर बोलत होते, तर मागून आवाज आला, "बाई, आपण मराठी आहात काय?"

मी चमकून वळले. डभोईच्या पलीकडे कोणी मला इतक्या शुद्ध मराठीत हाक मारेल असं वाटलं नव्हतं.

"हो काका, बडोद्याची. तुम्हाला मराठी कशी येते?"

"मी आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलो. नंतर गुरे राखली."

त्यांची मराठी शाळेच्या पुस्तकातून थेट बाहेर आल्यासारखी होती, एकेक शब्द सुटा, धुऊन ठेवलेला. माझ्या बोलण्यात जागोजाग गुजराती शिरायची. मी "पंखो बंद करते" म्हटलं की ते हळूच म्हणत, "पंखा." आणि हसत.

अवकाशातून टिपलेली पृथ्वीची चित्रं त्या सुमारास नुकतीच कोणालाही पाहता येऊ लागली होती. एका दुपारी काही काम नव्हतं म्हणून मी मुलीला ती दाखवत होते. आधी तिने वसाहत शोधली. चित्र तुकड्यातुकड्यांनी उमटायचं, जणू कोणी वरून एकेक चादर अंथरतंय. घरांच्या रेषा दिसल्या, शाळेचं पत्र्याचं छप्पर चमकलं. ती खुशीत ओरडली, तसे काका पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आले.

बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "आमचे जुने गाव दिसेल काय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "बघू या. तुम्ही वाट सांगा."

त्यांनी सांगितलेली वाट चालणाऱ्याची होती. उगवतीकडे जा, नदी लागली की तिच्या अंगाने वर, मग उजव्या हाताला दोन डोंगर जवळ येतात. मुलगी माऊस सरकवत होती, निळा पट्टा रुंद होत होता. डोंगरांच्या घळींमध्ये शिरून पाण्याने हाताच्या पंजासारखी बोटं पसरली होती. गाव असायला हवं होतं तिथे नुसतं निळं होतं.

मला वाटलं, उगाच दाखवलं. पण काका पडद्याच्या अगदी जवळ गेले. पाण्यात एक हिरवट ठिपका होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"हे डोके आहे," ते म्हणाले. "आमच्या डोंगराचे डोके. खाली इथे घर."

आणि त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं.

ते बोट जिथे होतं तिथे मुलीने नकाशावर एक खूण केली आणि तिच्याशेजारी गुजराती अक्षरांत लिहिलं, 'आपलं घर'.

दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर केंद्रात उभं राहायला जागा नव्हती. बाया, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या आया. प्रत्येकाला पाण्यातलं आपलं ठिकाण हवं होतं. मोहाचा मोठा वृक्ष, दोन बहिणींचा दगड, म्हैस पडली ती खिंड. ओढा उंबराच्या अलीकडे वळत होता की पलीकडे, यावरून दोन म्हाताऱ्या कडाक्याने भांडल्या. त्यांचं एकमत होईपर्यंत मुलगी खूण करायची थांबली. निळ्या पाण्यावर हळूहळू सगळं गाव नावांनी उभं राहिलं. मला त्यांची बोली अर्धीच कळायची, पण त्या खोलीत बसलं की सपाट जमिनीवर असूनही आपण कुठेतरी उंचावर बसलो आहोत असं वाटायचं.

बडोद्याहून आमचे साहेब पाहणीला आले. "लोक नुसते नकाशे बघतायत. हे काम म्हणून कसं दाखवायचं?" त्यांनी मला विचारलं. मी काही बोलायच्या आत एका आजींनी त्यांना खुर्ची दिली आणि ते कुठल्या गावचे ते विचारलं. साहेबांनी सौराष्ट्रातलं आपलं गाव सांगितलं. मुलीने ते शोधून काढलं. देवळामागचं तळं दिसताच साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. जाताना म्हणाले, "चालू द्या." नकाशासाठी आलेली माणसं पुढे उतारेही काढू लागली, अर्जही भरू लागली. केंद्र चांगलं चाललं.

दोनेक वर्षांनी कंपनीचा करार संपत आला. पुढे केंद्र राहील की नाही, कोणी सांगत नव्हतं. त्याच हिवाळ्यात मुलीने वडिलांना म्हटलं, "मला तिथे जायचंय."

"पाणीच आहे. काय बघशील?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते एकदाही परत गेले नव्हते.

"मी सगळी नावं लिहिली. एकही जागा बघितली नाही."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आपणही चला."

एका रविवारी आम्ही तिघं निघालो. डोंगर सुरू झाले तिथे जीप सोडली आणि एक बोट ठरवली. पाणी इतकं स्थिर होतं की डोंगर दोन दोन दिसत होते. मुलीने नकाशाचा छापील कागद मांडीवर धरला होता. ती हलकेच म्हणायची, "आता खाली खिंड. आता ओढा." काका वाकून पाण्यात हात बुडवत. घराची जागा आली तेव्हा त्यांनी नावाड्याला थांबायची खूण केली. वल्ह्यावरून थेंब पडत राहिले.

पडद्यावरचा तो हिरवट ठिपका, म्हणजे डोंगरमाथ्याचं ते बेट, जवळून बरंच मोठं निघालं. गुडघाभर वाळलेलं गवत, काही सागाची झाडं, गुरांच्या जुन्या वाटा. वर बसून आम्ही भाकरी खाल्ली. "इथून हाक दिली की त्या समोरच्या डोंगरावरून उत्तर यायचे," काका म्हणाले. "तिकडे माझा मामेभाऊ राहत असे."

"द्या ना हाक," मुलगी म्हणाली.

ते लाजले. मग उठले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि एक लांबलचक, वर चढत जाणारी हाक दिली. ती पाण्यावरून गेली, समोरच्या कड्याला लागून परत आली आणि विरली. काका खाली बसणार इतक्यात समोरून तशीच हाक आली. कड्याच्या सावलीत मासे धरणाऱ्याची एक छोटी होडी होती.

त्यांच्या बोलीत पाण्यावरून सवाल-जवाब सुरू झाले. मुलगी माझ्या कानात भराभर सांगत होती. तो विचारतोय, कोणाचे तुम्ही? बाबा आजोबांचं नाव सांगतायत. तो वसाहतीत न येता डोंगरातच मागे राहिलेल्या वरच्या पाड्यातला आहे. तो आजीला ओळखायचा.

होडीचं नाक आमच्याकडे वळलं. काका उतारावरून खाली धावू लागले, अनवाणी, गवतातून, एखाद्या तरण्या पोरासारखे. मुलगी त्यांच्यामागे. मी तिथेच उभी राहिले आणि ती होडी काठाला लागेपर्यंत बघत राहिले.