बोगीवरचा हुक

सोलापूरच्या रेल्वे कचेरीत मी एकवीस वर्षं टाइपरायटर बडवला. कामाचा आव आणणारी माणसं इतकी पाहिली, की त्यांची नुसती यादी करायची म्हटली तरी दोन रिबिनी संपतील. खरं काम करणारी थोडी. त्या थोड्यांत वीरभद्रप्पा पहिले, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन.

माणूस मंद्रूपचा. घरात कानडी, कामावर मराठी, चिडले की दोन्ही एकदम. मी त्यांना अण्णा म्हणायचे आणि ते मला तंगी, म्हणजे धाकटी बहीण. तीस वर्षं त्यांनी गाड्यांची चाकं तपासली. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एका टोकापासून निघायचं आणि चाकाचाकावर ठोका मारत जायचं. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. सगळी भिस्त कानावर. आणि शहात्तर साली डॉक्टरी तपासणीत निघालं, की डावा कान पार गेलाय आणि उजवा जायच्या वाटेवर आहे.

झालं, हातोडा काढून घेतला. नियम तसा होता आणि नियम बरोबरच होता, ते स्वतःही तेच म्हणायचे. पण दुसरं काम ठरेपर्यंत त्यांना आमच्या कचेरीबाहेर स्टुलावर बसवलं. घंटी वाजली की उठून पाणी द्यायचं. आता काय म्हणावं! ऐकू येत नाही म्हणून काढलेल्या माणसाला घंटीवर बसवलं. मी आमच्या फोरमनला म्हटलं, "डोकं घरी ठेवून येता का हो तुम्ही?" ते हसले. मला हसू आलं नाही. तीस वर्षं उन्हातान्हात फलाट तुडवलेला माणूस मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसायचा, ते मला बघवायचं नाही.

नव्या खलाशांना, म्हणजे डबे जोडणाऱ्या-सोडणाऱ्या पोरांना, शिकवायला आमच्याकडे एक खोली होती. तिच्यात मोठ्या टेबलावर लंबगोल रूळ मांडलेले आणि त्यावर विजेवर चालणारी छोटी पॅसेंजर गाडी. इंजिन आणि हातहातभर लांबीचे पाच लाकडी डबे. कोण्या जुन्या साहेबांनी हौसेनं करून घेतलेली. दिसायला छान, पण वळण आलं की डबे घसरायचे आणि तारेचे हुक सुटायचे. खोलीला कुलूप पडून वर्षं झाली होती.

मी फोरमनच्या मागे लागले. खोलीला माणूस नाही, अण्णांना द्या. ते म्हणाले, चालत नाही त्या गाडीला माणूस कशाला? शेवटी ठरलं असं. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला मोठे साहेब तपासणीला येणार. तोवर गाडी चालती झाली तर खोली अण्णांची आणि खलाशांना शिकवायचं कामही त्यांचं. नाही झाली, तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं स्टूल आणि पाणी.

अण्णांनी कुलूप काढलं, एक डबा उलटा केला आणि कपाळाला हात लावला. तुम्ही-आम्ही सगळ्या डब्यालाच बोगी म्हणतो. पण कारखान्यातल्या माणसांची बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा. प्रत्येक डब्याला दोन असतात, एक पुढे, एक मागे, आणि वळणावर त्या डब्याखाली फिरतात. या डब्यांची चाकं सरळ तळालाच ठोकलेली होती. "ह्यो डबा न्हाय तंगी, ही पाटाला चाकं लावल्यात," ते म्हणाले.

मग माणूस कामाला जो लागला! पितळी पत्र्याच्या दहा बोग्या कापल्या. मधोमध खिळा बसवून प्रत्येक बोगी फिरती केली. चाकं ओळखीच्या लेथवाल्याकडून कातून आणली. डबे हलके म्हणून उडतात, तर तळाला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या. आणि कपलिंग! खऱ्या डब्यांच्या मध्ये खलाशी शिरतो, हुकात कडी अडकवतो आणि मधला स्क्रू फिरवून आवळतो. अण्णांनी तो स्क्रू सायकलच्या चाकातल्या तारेचा आणि तिच्या टोकाला फिरणाऱ्या निपलचा केला. चिमटीत धरून फिरवला की दोन डबे खरोखर जवळ यायचे. मी डबा खायला त्या खोलीत जायचे, भाकरी हातात तशीच राहायची. नखाएवढ्या कडीला ते कानस अशी लावायचे, की आपण श्वास रोखून धरावा.

सगळं अगदी खऱ्यासारखं झालं, आणि गाडी पहिल्याच वळणावर आडवी.

परत लावली, परत आडवी. खऱ्या डब्याचा हुक असतो डब्याच्या चौकटीला, टोकावर, दोन बफरांच्या, म्हणजे धक्का झेलणाऱ्या लोखंडी दट्ट्यांच्या, मधोमध. अण्णांनी तिथंच लावला होता. पण खरं वळण असतं मैलभराचं, आणि हे टेबलावरचं. वळताना डब्याचं टोक बाहेर जायचं आणि हुक शेजारच्या डब्याला ओढून रुळावरून खाली काढायचा. मला, टाइपिस्ट बाईला, एवढं दिसत होतं. त्यांना दिसत नव्हतं असं नाही, पण ते ऐकेनात. "हुक चौकटीलाच असतोय. दुसरीकडं कसा लावू?" तीस वर्षं खऱ्या गाडीची सवय, ती हातातून जाईना. आठ दिवस त्यात गेले. तारीख आली सहा. फोरमन दारातून डोकावून जायचे, आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटायचा.

रविवारी अण्णा गावी गेले. तिथं गल्लीच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर मागं चारचाकी ट्रॉली घेऊन वळत होता. ते बघत उभे राहिले. ट्रॉलीची दांडी ट्रॉलीच्या अंगाला नसते, पुढच्या फिरत्या आसाला असते. दांडी वळली की चाकंच वळतात. सोमवारी आले ते थेट खोलीत शिरले आणि दहाही हुक चौकटीवरून काढून बोगीला जोडले. वळताना एकमेकांत अडू नयेत म्हणून बफरही कानशीनं थोडे आखूड केले.

दुपारी बटण दाबलं. गाडी वळणाला गेली, वळली, पलीकडून आली. अण्णांना चाकांचा बारीक आवाज येत नव्हता, म्हणून त्यांनी टेबलावर तळहात ठेवला होता. चाकं त्यांना हातातून कळत होती. वीस फेऱ्या झाल्या, एक हुक सुटला नाही. मला रडू आलं, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही. अण्णांनी मात्र बटण बंद केलं. "चुकीची झाली," म्हणाले. "खलाशी पोरं हुक बोगीवर बघतील. खऱ्या डब्यात तितं हुक नसतोय."

"अण्णा, हे बारा तारखेनंतर बोला," मी म्हटलं. "आधी खोली मिळू दे. मग काय ते खलाशांना सांगा की." ते फडक्यानं रूळ पुसायला लागले, मला वाटलं पटलं.

बाराला मोठे साहेब आले. मागे फोरमन, भिंतीला लागून नवे भरती झालेले बारा खलाशी. गाडी सुटली. साहेबांनी चार फेऱ्या पाहिल्या, वाकून स्क्रू फिरवून पाहिला, आणि फोरमनला म्हणाले, "उत्तम. खोली यांच्याकडे द्या. बाई, आजच ऑर्डर टाइप करा." मी वहीत लिहून घेतलं. संपलं होतं सगळं, जिंकलो होतो.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "साहेब, ह्यात एक चूक हाय."

मी त्यांची बाही ओढली. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि शेवटचा डबा उलटा करून साहेबांपुढे धरला. हुक कुठं असायला हवा, आपण कुठं लावलाय, सगळं सांगितलं. फोरमनचा चेहरा पडला. साहेबांच्या कपाळाला आठी. "मग हे मॉडेल शिकवायला काय कामाचं? आणि सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"तुमाला कळून काय करायचंय साहेब?" बहिऱ्या माणसाचा आवाज तो, जरा मोठाच लागला. "तुमी दोन डब्यांच्या मदी शिरत न्हाई. ही पोरं शिरत्यात. त्यांनी तितं हुक भलतीकडं शोधला, तर तेवढा येळ मान बफरांच्या मदी ऱ्हाती."

मी मनात म्हटलं, गेली खोली. साहेबांनी तो उलटा डबा हातात घेतला आणि हुकाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "चला, खरा दाखवा."

यार्डात दोन डबे धुवायला उभे होते. अण्णांनी आधी इंजिन जोडलेलं नाही ना ते जाऊन पाहिलं, चाकाला लाकडी ठोकळा लावला, आणि बफरखालून वाकून आत शिरले. पाठोपाठ साहेब, इस्त्रीच्या पांढऱ्या पँटीनं. मग एकेक करून खलाशी. आतून अण्णांचा आवाज येत होता, पाय कुठं ठेवायचा, मान कुठं, हात कधी काढायचा. साहेब बाहेर आले तेव्हा खांद्यावर काळं ग्रीस. "बाई, ती ऑर्डर आहे तशीच टाइप करा," म्हणाले.

ऑर्डरची वही घेऊन मी जायला निघाले, पण पाय निघेना. या माणसाला मी गप्प बसा म्हणाले होते. कशाबद्दल गप्प बसा, तेच मला ठाऊक नव्हतं. मी वही फोरमनच्या हातात दिली, पदर खोचला आणि बफरखालून वाकले. आत उभं राहायला जागा जेमतेम दोन माणसांपुरती होती. दोन्ही बाजूंनी लोखंड, आणि हुक बरोबर माझ्या छातीसमोर.