तांब्याचं पाणी आणि अण्णांचं प्रवाळ

प्रवाळ घरात आणायलाच नको होतं. समुद्रातून ओरबाडलेला जीव नाशिक रोडला दुसऱ्या मजल्यावरच्या घरात काचेत ठेवायचा, ही हौस मला तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही. पण माझे वडील, अण्णा, निवृत्त झाले आणि खाऱ्या पाण्याची टाकी घेऊन बसले. आणलंय ना, मग ते मरता कामा नये, एवढीच माझी भूमिका. नदी वाचवा म्हणून मी गल्लोगल्ली पत्रकं वाटते. माझ्याच घरात पाण्यातला जीव मरत असेल, तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?

आणि ते मरत होतं. हिरवट, बोटाबोटांचं प्रवाळ. दिवा लावला की बोटं फुलायची, पाण्याबरोबर डुलायची. ती आखडून बसली. कडेचा मांसल भाग सुटून खालचं पांढरं हाड दिसू लागलं. अण्णा काचेला नाक लावून बसायचे, जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. दुकानदार म्हणाला, लाइट बदला. बदलला. म्हणाला, पंप बदला. तोही बदलला. त्याला विकायचं होतं, बघायचं नव्हतं.

मग मीच बघायला बसले. खारटपणा ठीक, तापमान ठीक. मासे तर ठणठणीत, दाणे टाकले की झेपावणारे. पण गोगलगायी तळाशी उलट्या पडलेल्या, आणि लाल झिंगा कधीचा दिसलाच नव्हता. माशांना धक्का नाही आणि बाकीच्यांनाच मार, असं काय असेल? वाचत गेले तसं एकच नाव पुन्हा पुन्हा समोर आलं. तांबं.

पाणी आटल्यावर भर कसली घालता, असं अण्णांना विचारलं.

"आरओचं पाणी. मला काय खुळा समजतेस?"

खोटं नव्हतं ते. फक्त ते पाणी थेट टाकीत जात नव्हतं. आधी स्वयंपाकघरातल्या तांब्याच्या पिंपात रात्रभर मुरायचं. आरओचं पाणी मेलेलं असतं, तांब्यात ठेवलं की त्यात जीव येतो, असं कुणीतरी त्यांना फोनवर पाठवलं होतं. आमच्या कॉलनीत अर्ध्या घरांत असं पिंप आहे, चिंचेनं घासून लखलखीत केलेलं.

"अण्णा, विष इथनं जातंय."

"हो का? निर्माल्य बंद, फटाके बंद, आता तांबंही बंद. श्वास घेऊ का, बाईसाहेब?"

"तुम्हाला नाही हो, त्याला विष आहे."

"मी पितो तेच त्याला देतो. साधं नळाचं कधी दिलं नाही."

कारखानदाराशी भांडायला शिकले होते मी. जीव लावणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, ते कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत.

टाकीतलं पाणी थोडं थोडं करून बदललं, त्यात तांबं शोषून घेणाऱ्या कोळशाच्या पिशव्या सोडल्या. आरओची नळी थेट प्लास्टिकच्या कॅनमध्ये लावली आणि भर यातलीच घाला म्हणून बजावलं. अण्णांनी मान डोलावली. काही दिवसांनी दोन-तीन बोटं उघडली. त्यांनी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली.

नंतर मी नदीच्या बैठकांसाठी पेठ तालुक्यात गेले. परत आले तर प्रवाळ कडेपासून कडेपर्यंत पांढरं. कॅन भरलेला, जसाच्या तसा.

"आजारातून उठत होतं बिचारं," अण्णा म्हणाले. "म्हटलं, जरा ताकदीचं पाणी द्यावं."

तेवढ्यात काकू आल्या. अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "चांगलं होतं हो. हिनं पाणी बदललं आणि गेलं."

"धडधडीत खोटं आहे हे," मी म्हटलं.

"असू दे गं. वडील आहेत." काकूंनी माझी पत्रकंही अशीच घेतली होती, हसून, चौघडी घालून.

अण्णांनी पिंपातून त्यांना पेला भरून दिला, मग एक माझ्यापुढे धरला. पेठहून तशीच आले होते, घसा कोरडा पडला होता. प्यायले. आम्हाला काय होतंय? टाकीतल्या माशांनाही काही झालं नव्हतं.