सुनीताने आप्पांना दिलेली गोळी

आप्पा गोळीने गेले नाहीत. एवढेच मला येथे सिद्ध करायचे आहे.

आज त्यांचे प्रथम पुण्यस्मरण. आप्पा माझे थोरले चुलतभाऊ. न्हावऱ्यात त्यांनी आयुष्यभर दूध डेअरी चालवली.

"सुनंनं झोपेची गोळी घालून म्हातारा गप केला," हे वाक्य गावात अजून फिरते.
ती सून म्हणजे सुनीता.

वस्तुस्थिती अशी.

आप्पांना विस्मरणाचा आजार होता. हृदय त्याआधीपासूनच अशक्त.
संध्याकाळी धारांची वेळ झाली की ते काठी उगारत.

"सोड मला! डेअरीला दूध कोन घालनार, तुझा बाप?"

शेजारच्या मारुतीमामांनी स्वतःच्या वडिलांची गोळी आणून दिली.
"आमचं आबा हिच्यानं गपगार पडून ऱ्हात्यात. दे बिनघोर."

सुनीता म्हणाली, "मामा, आबांचं काळीज आबांपाशी. आमच्या आप्पांची आधी पट्टी काढू द्या."

आम्ही त्यांना शिरूरला नेले.
ईसीजीची पट्टी बाहेर आली, आणि आप्पांना ती दुधाची फॅट आणि एसएनएफ छापलेली डेअरीची पावती वाटली.

"बाई, फॅट किती लागली?"

डॉक्टरबाई गंभीरपणे म्हणाल्या, "फॅट चांगली आहे आप्पा. एसएनएफ जरा कमी पडतंय."

आप्पा हसले. फार दिवसांनी.

मग बाईंनी आम्हाला समजावले. प्रत्येक ठोक्यानंतर आप्पांच्या हृदयाला सावरायला आधीच जास्त वेळ लागत होता. मामांची गोळी तो वेळ आणखी वाढवते. लय बिघडून माणूस दगावू शकतो. त्यात सूज उतरवण्याच्या औषधाने रक्तातले पोटॅशियम घटलेले.

आणि चिडण्याचे मोठे कारण वेगळेच निघाले. लघवी तुंबली होती. दुखते आहे, हे त्यांना सांगता येत नव्हते.

म्हणून मामांची गोळी नाहीच; आधी लघवीची नळी, मग पोटॅशियम. उरलेल्या अस्वस्थतेसाठी हृदयाला कमी जाचणारे दुसरे औषध, अगदी थोडे. त्यानंतर पुन्हा पट्टी.
"तरी धोका शून्य नाही," हेही बाईंनी लपवले नाही.

पुढे आप्पा गोठ्यात खुर्ची टाकून बसत आणि सुनीताच्या धारांना नावे ठेवत.
"आगं, सड वढू नगंस! म्हशीला राग यील."

आप्पा शांत झाल्यावर बाईंनी ते औषध हळूहळू कमी करून थांबवले. आप्पा गेले ते त्यानंतर बऱ्याच काळाने, हृदय थकत थकत.
जे कारण हजरच नव्हते, त्याचे हे कार्य कसे?

आप्पा, तुम्हांला माझा अखेरचा नमस्कार.

आता एक कबुली.
दशक्रियेला घाटावर श्रद्धांजलीसाठी माइक माझ्या हाती होता. बायकांमध्ये कुजबुज चालली होती. सुनीता मान खाली घालून बसली होती. अफवेला उत्तर देणे मला कमीपणाचे वाटले. मी आप्पांच्या सहकारातील कार्यावर बोललो.

ती माझी चूक. हे सारे तेव्हाच, त्या माइकवरून, तिच्यादेखत सांगायला हवे होते.

— वसंत रामराव, निवृत्त वकील, न्हावरे